हिरव्या डब्यातलं ऑईल

चांदपाशांच्या घरात शिव्या फारशा चालत नसत, पण एक शब्द शिवीच्या जागी कायमचा बसला होता. तो शब्द म्हणजे सिंथेटिक. चांदपाशांचे वडील मागावर हिमरू शाली विणायचे. बाजारात सिंथेटिक धागा आला, दोन वर्षांत त्यांचा माग बंद पडला, आणि त्यांनी पोराला सांगितलं, की कुठंही जा, पण ह्या नकली धाग्याला हात लावू नको. पोरगा एसटीच्या वर्कशॉपात गेला, मेकॅनिक झाला, रिटायर झाला, आजोबा झाला. राग मात्र तसाच राहिला. तोंडावर गोड बोलणारा पाहुणा त्यांच्या लेखी सिंथेटिक. लग्नाच्या मांडवातली कापडी फुलं सिंथेटिक. पेपरात सिंथेटिक दूध पकडल्याची बातमी आली, की ती ते सगळ्यांना दोनदा वाचून दाखवत आणि त्या दिवशी चहा कोरा पीत.

अशा घरात त्यांच्या नातीनं, निलोफरनं, पाच महिन्यांपूर्वी आजोबांच्या, म्हणजे दादांच्या, फियाटमध्ये सिंथेटिक ऑईल घातलं होतं. घातलं होतं म्हणण्यापेक्षा दादांच्याच हातून घालून घेतलं होतं.

तसं करणं भागच होतं. गाडी चौसष्ट सालची. दरवर्षी जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी सगळं घर तिच्यात बसून दौलताबादचा घाट चढायचं आणि वर खुलताबादला झाडाखाली बसून जेवायचं. गाडी ह्या घरात आली तो हा दिवस, म्हणून त्याला सगळे गाडीची सालगिरह म्हणत. पण गेली तीन वर्षं घाटाच्या मध्यावर डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लागायचा, दादा तिथंच इंजिन बंद करायचे, आणि मग उरलेली सालगिरह गाडीला धक्का मारण्यात जायची. गेल्या वर्षी धक्का मारताना मुनीबची कंबर धरली. निलोफरच्या अब्बांचा, म्हणजे मुनीबचा, त्या दिवसापासून गाडीवरून विश्वास उडाला.

मुनीबचं औरंगपुऱ्यात स्पेअर पार्टचं दुकान. तिथं ओळख झालेल्या एका हॉटेलवाल्याला बिडकीनजवळच्या आपल्या नव्या हॉटेलात, दाराशी, अशीच जुनी गाडी उभी करायची होती. इंजिन काढून ठेवायचं, आत पिवळे दिवे लावायचे, लोकांनी फोटो काढायचे. मुनीबला हे फार पसंत पडलं. चांदपाशांनी महिनाभर कानावर हात ठेवले आणि शेवटी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "ह्या सालगिरहला दिवा न लागता घाट चढली, तर गाडी घरात. नाय चढली, तर हॉटेलात. मग कुणी माझ्यापुढं रडायचं नाय."

शेवटचं वाक्य नातीकडं बघून होतं. निलोफर पंचवीस वर्षांची, बिडकीनच्याच एका कंपनीत वंगणाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये कामाला. पण इंजिन म्हणजे काय हे ती कॉलेजात नाही, ह्या फियाटच्या खाली पाठीवर पडून शिकली होती. चौथीत असताना तिनं पहिला नट सोडवला तो हिचा. ही गाडी पिवळ्या दिव्यांनी भरून, रिकाम्या पोटानं उभी राहिलेली तिला बघवली नसती.

म्हणून तिनं एक सुट्टी बघून गाडीचं खालचं चेंबर उघडलं. त्यात बोटभर जाड काळा गाळ होता आणि ऑईल ओढणाऱ्या पंपाची जाळी निम्मी चोंदलेली होती. तिनं सगळं धुतलं, बुचाच्या नव्या पॅकिंगा बसवल्या, आणि मग लॅबमध्ये पुन्हा पुन्हा तपासून नक्की केलेलं ऑईल आणलं. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या जुन्या टॅपेटची झीज होऊ नये म्हणून जस्त असलेलं, चांगलं जाड, आणि पूर्ण सिंथेटिक. दादा ऑईल एकाच हिरव्या पत्र्याच्या डब्यातून ओतायचे. तिनं त्यातलं जुनं काढलं आणि नवं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दादांनी बिस्मिल्ला म्हणून तोच डबा इंजिनात उपडा केला, दोन थेंब बोटांवर चोळले, नाकाशी नेले आणि म्हणाले, "ह्याला म्हणायचं ऑईल. नायतर ते बाटलीतलं. नुसतं पाणी." निलोफरनं तेव्हा खाली वाकून चप्पल नीट केली.

*

रविवारी सकाळी आठ वाजता पुंजाराम पिशोरहून आले. खांद्यावर हुरड्याची पिशवी, डोक्यावर टोपी, तोंडात मागच्याच वर्षी बसवलेली नवी कवळी. वर्कशॉपात चांदपाशा आणि ते एकाच खड्ड्यात उभं राहून तीस वर्षं बसगाड्यांची पोटं बघत आले होते. त्यांच्याशिवाय सालगिरह होत नसे. ते आले, की घरातली सगळी आपोआप मराठीवर यायची, आणि पुंजाराम मात्र मुद्दाम दख्खनी बोलायचे. हा मान दोघांनी एकमेकांना इतकी वर्षं दिला होता, की आता कुणाचं तिकडं लक्षही नसायचं.

निलोफरची अम्मी जालन्याला माहेरी गेली होती, म्हणजे ह्या वेळी पाचच माणसं. चांदपाशांच्या बायकोनं, सगीरानं, पहाटेपासून खपून मटणाचा खलिया केला होता, त्याचं मोठं पातेलं, म्हणजे डेग, कापडात गुंडाळून गाडीत ठेवून झालं होतं. नान यायचे होते, तेवढ्यासाठी सगळे अंगणात थांबले होते. मुनीब गाडीला एक चक्कर मारून आला आणि लेकीला हळूच म्हणाला, की तुला वाईट वाटतं ते कळतंय मला, पण तूही माझं समजून घे.

त्याचं कुणी समजूनच घेतलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, ह्याला हॉटेलवाल्यापुढं मिरवायचंय. खरं कारण वेगळं होतं. गेल्या उन्हाळ्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी, त्याचे अब्बा, म्हणजे चांदपाशा, फियाट घेऊन एकटेच बाहेर पडले आणि पडेगावच्या रस्त्यावर आपली बाजू सोडून समोरून येणाऱ्या टेम्पोच्या अंगावर गेले; थोडक्यात निभावलं. टेम्पोवाला ओळखीचा होता, त्यानं मुनीबला दुकानात येऊन सांगितलं. मुनीबनं ते घरात कुणाला सांगितलं नाही. अब्बांच्या हातातून चावी काढून घेण्याची त्याच्यात हिंमत नव्हती, म्हणून तो गाडीच घरातून काढत होता. इंजिन नसलेली गाडी घेऊन माणूस कुठं जाणार.

"निलू, इकडं ये."

चांदपाशा गाडीच्या पुढच्या बाजूला उकिडवे बसले होते. निलोफर गेली. इंजिन जिथं संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो, बरोबर त्याच्या खाली फरशीवर रुपयाएवढा थेंब पडला होता. सोनेरी, चकचकीत. ती बघत असतानाच वरून दुसरा पडला.

चांदपाशांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेऊन डोळे मिटले. सगळ्या वर्कशॉपात त्यांच्या नाकाचा दबदबा होता. वास घेऊन ते सांगायचे, की ऑईलमध्ये पेट्रोल उतरलंय की पाणी, की क्लच जळतोय.

"ऑईल आहे," ते म्हणाले. "मागचं सील गेलं."

निलोफरला ह्याचीच भीती होती. जुन्या इंजिनातला गाळ कधी कधी फटी बुजवून बसलेला असतो. साफ करणारं ऑईल तो धुऊन काढतं आणि फट उघडी पडते. खालच्या पॅकिंगा तिनं बदलल्या होत्या, मागच्या सीलापर्यंत तिचा हात पोचला नव्हता. तिनं गाडी वाचवायला जे केलं, त्यानंच गाडी बुडवली असं तिला वाटलं, आणि पाच महिने गिळून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"दादा, चूक माझी आहे. त्यात सिंथेटिक आहे."

सगीरा पाण्याची बाटली भरत होती, ती भरून वाहायला लागली.

चांदपाशा रागावले, की मराठी सोडायचे. "क्या है बोली?"

"सिंथेटिक ऑईल. ऑगस्टपासनं."

"मेरे हरे डिब्बे में?"

"हौ."

"और मेरेच हाथ से डलाई."

"हौ, दादा."

ते उठले, भिंतीपाशी गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले. मुनीबला म्हणाले, की तुझ्या त्या हॉटेलवाल्याला फोन लाव, आजच घेऊन जा म्हणावं, घाटाची गरज नाही. मुनीबनं फोन काढला. इतके महिने ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. पण लेक भिंतीला टेकून उभी होती, खालचा ओठ दातांत धरून, अगदी चौथीत असताना उभी राहायची तशी, आणि त्याचं बोट काही त्या नावावर पडेना. उलट त्याच्या डोक्यात भलतंच आलं. त्यानं विचारलं, की ऑईल घेतलंस कुठून. निलोफर म्हणाली, तुमच्याच दुकानातून, तुम्ही नमाजला गेला होता तेव्हा. मुनीब स्वतः ते ऑईल दहा वर्षं विकत होता; फक्त घरी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं.

ह्या सगळ्या वेळात पुंजाराम खाली बसून तो थेंब बघत होते. त्यांनीही बोट बुडवलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ बोट जिभेला लावलं.

"पाशाभाई," ते म्हणाले, "ये इंजन कू हल्दी कौन लगाया?"

कुणाला काही कळेना. पुंजारामांनी सगीराकडं वळून विचारलं, "भाभी, डेग कां रखे?"

"माझ्या पायाशी," सगीरा म्हणाली. "डिकीत ठेवली असती, तर घाटात सांडली नसती का?"

मुनीबनं डावीकडचं दार उघडलं. डेग पुढच्या सीटसमोर किंचित कलली होती, कापड पिवळं झालं होतं आणि खलियाची तर्री पत्र्याच्या एका गंजक्या भोकातून निवांत खाली ठिबकत होती. ते भोक बरोबर गिअरबॉक्सच्या वर होतं. निलोफर मटकन खाली बसली आणि हसायला लागली, मग मुनीब, मग पुंजाराम इतके हसले, की त्यांना कवळी हातानं धरावी लागली. आपण पाच महिने लपवलेलं गुपित मटणाच्या रश्श्यापायी ओकून बसलो, हे आठवून निलोफरला पुन्हा पुन्हा हसू येत होतं.

सगीरा हसली नाही. ती नवऱ्याकडं बघत होती. तिच्या खलियाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारीपाजारी वासावरून येऊन वाटी पुढं करायचे. आणि ह्यांनी तोच रस्सा नाकाशी धरून ऑईल म्हटलं होतं. मग तिला एकेक आठवत गेलं. चुलीवर दूध करपलं तरी हल्ली ओरडा होत नव्हता. ईदला आणलेल्या अत्तराला नुसतं छान आहे म्हटलं होतं, कुठलं ते विचारलं नव्हतं.

ती स्टुलापाशी गेली. "तुम्हाला वास येत नाय," ती म्हणाली. "कधीपासनं?"

चांदपाशांनी आधी हात झटकला. मग सगळ्यांच्या नजरा आपल्यावर बघून त्यांनी जमिनीकडं बघत सांगितलं, की कोरोनात तो ताप आला होता ना, तेव्हापासून. चव थोडीफार परत आली, वास आलाच नाही. "लोक म्हणायचे, पाशाच्या नाकापुढं मशीन फिकं. मग सांगू कुणाला, की नाक गेलं?"

"म्हणजे एवढी वर्षं ऑईलचा वास घेत होता ते," निलोफरनं विचारलं.

"नाटक."

हे त्यांनी इतकं साधं म्हटलं, की तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण ते लगेच सावरून म्हणाले, की माझी गोष्ट वेगळी, मी नुसता गप्प राहिलो, हिनं तर माझ्या डब्यात नकली माल भरला. वडिलांना दिलेला शब्द होता तो, मोडला ना.

आतापर्यंत सगीरा कुणाच्याच बाजूनं नव्हती. गाडी राहिली काय, गेली काय, तिला रविवारी एकत्र जेवण झालं म्हणजे पुरे होतं. पण आता तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली.

"तुमच्या उजव्या डोळ्यात डॉक्टरनं काय बसवलंय?" तिनं विचारलं. "हाडामासाचं बसवलंय का? सिंथेटिकच बसवलंय ना. त्यानंच तर तुम्हाला तो थेंब दिसला. आधी तर समोरची म्हैस दिसत नव्हती."

पुंजाराम म्हणाले, की माझ्या दातांचं नाव नका काढू, हुरडा खायचाय अजून.

चांदपाशांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं. निलोफर त्यांच्यासमोर फरशीवर बसली. तिनं सांगितलं, की ह्या सिंथेटिकचा अर्थ नकली नाही. जमिनीतून निघालेल्या तेलात लहानमोठं सगळं मिसळलेलं असतं. ह्यात सगळं एका मापाचं करून घेतलेलं असतं, म्हणून तापलं तरी ते चटकन पातळ होत नाही आणि दिवा लागत नाही. आणि सगळी करामत ऑईलची नाही, हेही तिनं कबूल केलं. जाळी चोंदली होती ती साफ केली नसती, तर कुठलंही ऑईल घालून उपयोग नव्हता.

"एका मापाचं," चांदपाशा म्हणाले.

"हौ."

"अब्बा धागा असाच निवडायचे. जाडबारीक आलं, की मागावरनं काढून टाकायचे." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मला माफीबिफी काय मागू नको अजून. घाट काय म्हणतो ते बघू. डेग सरळ करा."

*

दौलताबादच्या पुढं चढ लागला तेव्हा अकरा वाजले होते. मुनीब मागच्या सीटवर मधोमध बसला होता, कारण तिथून डॅशबोर्ड दिसायचा. गाडीत पाच माणसं, एक डेग, तीस नान आणि हुरडा. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागं त्यांना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरपटत जावं लागत होतं. दिवा लागायला ह्याहून चांगली संधी मिळाली नसती. त्या छोट्याशा काळ्या काचेकडं मुनीब टक लावून बघत होता, आणि निम्म्या घाटात त्याच्या लक्षात आलं, की आपण दिवा लागू नये म्हणून दुवा मागतोय. त्याला स्वतःचीच मजा वाटली.

गाडी जिथं दरवर्षी थांबायची, ते वळण आलं. काच काळीच होती. आणि तिथंच चांदपाशांनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"का हो?" सगीरानं विचारलं. पुंजारामांनी बाहेर उतरून सवयीनं चाकाला दगड लावला.

चांदपाशांनी इंजिन बंद केलं नाही. ते तसंच चालू ठेवून ऐकत बसले. गरम इंजिन चढावर उभं असताना टॅपेट कसे बोलतात, हे ऐकायला त्यांना नाक लागत नव्हतं. टॅपेट शिलाई मशिनसारखे एका लयीत चालले होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, बॉनेट उघडलं, ऑईल मापायची पट्टी ओढली आणि फडक्यानं पुसून पुन्हा घालून काढली. तिच्या टोकाचं ऑईल बोटांत चोळलं. अंगठा आणि बोट लांब करत त्यातली तार बघितली. उन्हात ती मधासारखी दिसत होती.

निलोफर दोन पावलांवर उभी होती. त्यांनी पट्टी तिच्यापुढं धरली.

"वास घे," ते म्हणाले. "मला सांग कसा आहे."

तिनं वास घेतला. जळका नव्हता, पेट्रोलचा नव्हता. तसं तिनं सांगितलं. करपलेलं अजिबात नाही? त्यांनी विचारलं. अजिबात नाही, ती म्हणाली. मग अजून एकदा घे, त्यांनी सांगितलं, आणि सावकाश सांग. निलोफरनं डोळे मिटले आणि पुन्हा वास घेतला, आणि ह्या वेळी दादांसारखी भुवई वर करून म्हणाली, की गरम आहे, साफ आहे, अजून हजार किलोमीटर काय होत नाय ह्याला.

चांदपाशांनी मान हलवली. लॅबमध्ये ह्याच कामाची तिला पगारासकट शाबासकी मिळायची, पण ह्या मान हलवण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

घाटातल्या जुन्या दगडी कमानीखालून गाडी वर निघाली तेव्हा पुंजाराम मागच्या सीटवर टाळ्या वाजवत होते. वाटेत पुन्हा गाठलेल्या ट्रॅक्टरवाल्यानंही, काय झालं ते न कळताच, हात केला. मुनीबचा फोन वाजला. हॉटेलवाला होता. मुनीब काही बोलण्याआधी चांदपाशांनी मागं न बघता सांगितलं, "त्याला म्हण, गाडी बाहेर गेलीये. कधी येईल सांगता येत नाय." मुनीबनं जसंच्या तसं सांगितलं.

झाडाखाली जेवणं झाली. जो काही खलिया उरला होता तो नानानं पुसून संपला. पुंजारामांनी हुरडा भाजला आणि बायको साळूबाई घरी कशी एकटी बसली असेल ह्याची काळजी करत दुप्पट खाल्ला. मुनीबनं लेकीला बाजूला घेऊन पडेगावच्या टेम्पोची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, की अब्बा, हे आधी सांगायचं होतं. तो म्हणाला, ह्या घरात आधी कोण काय सांगतं.

उन्हं कलली तशी आवराआवर झाली. सगळे गाडीपाशी आले. चांदपाशा नेहमीप्रमाणे उजवीकडच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. किल्ली त्यांच्या हातात होती. त्यांनी एकदा खाली जाणारा घाट बघितला, एकदा मुनीबकडं बघितलं. मुनीबनं नजर दुसरीकडं नेली. टेम्पोवाला त्यांच्याही ओळखीचा होता, दुकानात येऊन सांगितल्याचं तो त्यांनाही बोलला असणार, हे मुनीबच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"निलू, बस," ते म्हणाले.

ती आधी हलली नाही. मग आत बसली, सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. चांदपाशा गाडीला वळसा घालून डावीकडं आले. सगीरा तिथं बसायला निघालीच होती. ती मागं सरकली आणि मागच्या सीटवर मुनीबच्या शेजारी जाऊन बसली.

चांदपाशा आत बसले. पाय कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. ब्रेक नव्हता, क्लच नव्हता. हातांचंही तेच झालं. थोडं वारं घ्यावं म्हणून त्यांनी काच खाली करायचा दांडा फिरवला. तो फिरला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा काच चार बोटं खाली आली आणि अडकली.

"ही काच इतकी घट्ट आहे," ते म्हणाले, "आणि मला कुणी सांगितलं नाय?"

"पन्नास वर्षं सांगतेय मी," मागून सगीरा म्हणाली.

निलोफरनं हसू आवरलं, आरशात मागचा रस्ता बघितला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.